थंडी अंगावर दिसत नाही : अंटार्क्टिकाचा युप्लोटिस आणि आमच्या घाटावरचा त्याचा चुलतभाऊ

घाटावरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सांगलीत प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते, दुसरं वर्ष. सेमिनारला विषय घेतलाय एका पेशीच्या प्राण्याचा. नाव युप्लोटिस फोकार्डी, गाव अंटार्क्टिका, रॉस समुद्रातला टेरा नोव्हा उपसागर. तिथलं पाणी बहुतेक वर्षभर उणे १.८ अंशांच्या आसपास असतं. समुद्राचं पाणी गोठतं तेही साधारण तिथंच, म्हणजे हा गडी गोठण्याच्या उंबरठ्यावर संसार मांडून बसलाय. १९९० साली व्हाल्बोनेसी आणि लुपोरिनी या इटालियन संशोधकांनी त्याचं आणि युप्लोटिस नोबिली या दुसऱ्या जातीचं पहिलं वर्णन छापलं.

आता माझी पंचाईत सांगते. विषय घेताना डोक्यात पांढरं अस्वल होतं. (ते उत्तर ध्रुवाकडचं, इकडचं नव्हे, हे माहीत आहे. दगड मारू नका.) एवढ्या थंडीत राहणाऱ्याच्या अंगावर थंडीची काहीतरी खूण असणारच, जाड साल, आखूड केस, काहीतरी, असं धरून चालले होते. वर्णन वाचलं, आकृत्या पालथ्या घातल्या, आणि हाती काय तर साधासुधा युप्लोटिस. मग वैतागून आयर्विन पुलाजवळच्या घाटावरून बाटलीभर कृष्णेचं पाणी आणलं, त्यात गव्हाचं काड टाकलं आणि आठवडाभर खिडकीत ठेवलं. झाकण उघडल्यावर घरात जो वास सुटला त्याबद्दल आईची माफी मागून झाली आहे. पण त्यात युप्लोटिस निघाला! तेव्हापासून एक काचेवर, एक कागदावर असे दोघे शेजारी ठेवून बघतेय.

ज्यांनी कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी : लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा कमी. आकार लंबगोल. पोट सपाट, पाठ थोडी फुगीर आणि तिच्यावर उभ्या धारा. करंजी पालथी ठेवल्यासारखा. अंग लवचीक नाही. वरच्या पडद्याखाली चपट्या पिशव्या असतात, त्यांत प्रथिनांच्या पट्ट्या बसवलेल्या, म्हणून ताठपणा. पॅरामेशियमच्या अंगभर पक्ष्माभिका (हलणारे बारीक केस) असतात तशा याच्या नसतात. याच्या पक्ष्माभिका जुड्या बांधून एकेक जाड कुंचला करतात. त्या कुंचल्याला सिरस म्हणतात, अनेकवचन सिरी. हे सिरी पोटाखाली, आणि त्यांवर हा चक्क चालतो. काडावरून तुरुतुरु जातो, थांबतो, मागे येतो, वळतो. माझी धाकटी बहीण म्हणाली, "हा झुरळच आहे." तिला जंतू दाखवायचे नाहीत असं ठरवलंय.

वर्णन म्हणजे मुख्यतः या सिरींची मोजदाद. पुढच्या आणि मधल्या भागात पोटावरचे सिरी : समुद्रातल्या पुष्कळ जातींत १०, गोड्या पाण्यातल्या नेहमीच्या जातींत ९, काहींत ८ किंवा ७ सुद्धा. त्यामागे आडव्या ओळीत जाडजूड ५, ते जवळजवळ सगळ्यांना. शेपटीकडे आणि डाव्या कडेला मिळून बहुधा ३ किंवा ४. तोंडाजवळ, पुढच्या कडेपासून डावीकडून खाली उतरणारी, पक्ष्माभिकांच्या पटलांची माळ. ती पाणी ढवळून जिवाणू तोंडाकडे लोटते. माझ्या घाटवाल्याला पोटावर ९ आहेत. पण ९ की १० हा फरक घराण्याचा, थंडीचा नाही.

तर प्रश्न असा : सेमिनारमध्ये "थंडीसाठी शरीरात काय बदल" या भागात मी लिहू काय? आणि दुसरं, माझ्या चांदीच्या स्लाइड्स सगळ्या काळ्याकुट्ट निघाल्या आहेत. कुणाला अनुभव?

---

हळदभाव

ताई, लई भारी लिहिलंय. पण एक इचारू का, राग मानू नका. हे मोजून उपयोग काय?

---

हुपरीकर

उपयोगाचं राहू द्या, चांदीच्या स्लाइड म्हणजे काय ते आधी सांगा. आमच्या गावात घरोघरी चांदीच, पैंजणांची. पण प्राण्याला चांदी चढवतात हे पहिल्यांदा ऐकतोय.

---

घाटावरची

@हुपरीकर दादा, चढवतातच. जिवंत पेशी काचेसारखी पारदर्शक. सिरी दिसतात, पण त्यांची मुळं, केंद्रक, पाठीवरचे बारीक केस नीट कळत नाहीत. म्हणून पेशी मारून स्थिर करायची आणि प्रोटारगॉलच्या द्रावणात ठेवायची. प्रोटारगॉल म्हणजे चांदी आणि प्रथिन यांचं संयुग. चांदी पक्ष्माभिकांच्या मुळांशी जाऊन बसते. नंतर डेव्हलपर घातला की ती मुळं तपकिरी-काळी उमटतात आणि अख्खा नकाशा समोर येतो.

गंमत म्हणजे हे मूळचं औषध. १८९७ साली बायर कंपनीने परम्यासाठी बाजारात आणलं होतं. अलीकडे चांगलं प्रोटारगॉल मिळेनासं झालं. मग २०१३ मध्ये सिल्व्हर नायट्रेट आणि पेप्टोन यांपासून ते प्रयोगशाळेतच बनवायची कृती प्रसिद्ध झाली. आम्ही तीच वापरली. बनलं छान, उमटलं भयंकर.

@हळदभाव काका, राग कसला. वरचं लिहून झालं की उत्तर देते.

---

निवृत्त मास्तर

बाळ, लेख आवडला. तीस वर्षं हेच शिकवलं, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, जिवंत पेशी आधी. चांदीची स्लाइड कितीही देखणी असली तरी ती मेलेल्याचा फोटो आहे. स्थिर करताना पेशी आक्रसते, फुगते, कधी वाकडी होते. लांबी-रुंदी, रंग, चालायची ढब, संकोची रिक्तिका (जादा पाणी बाहेर टाकणारी पिशवी) कुठं आहे आणि किती वेळाने आकुंचते, हे सगळं जिवंतपणी टिपायचं. युप्लोटिसची रिक्तिका मागच्या बाजूला उजवीकडे, त्या पाच जाड सिरींच्या पातळीवर बघ. गोड्या पाण्यातला भराभर पाणी उपसतो. समुद्रातल्याला ती घाई नसते, कारण बाहेरचं पाणी आधीच खारट.

दुसरी गोष्ट, डावं-उजवं. इथं भलेभले पडतात. पेशीचं डावं ते पेशीचं, तुझं नव्हे. पोटाकडून बघतेस तेव्हा तोंडाची माळ तुला उजवीकडे दिसेल, पण वर्णनात "डावीकडे" लिहायचं. सूक्ष्मदर्शकात चित्र उलटं दिसतं म्हणून घाबरू नकोस. ते फिरवलेलं असतं, आरशातलं नसतं, त्यामुळे हात बदलत नाही. मात्र पेशी पालथी पडली आणि तू पाठीतून आरपार पोटाचे सिरी काढलेस, तर सगळं उलटं होईल. माझ्या एका विद्यार्थ्याने अशी आख्खी वही काढली होती. सुबक आकृत्या, सगळ्या आरशातल्या.

तिसरं, एका पेशीवरून वर्णन करू नये. निदान वीसेक मोजायच्या. किमान, कमाल, सरासरी आणि फरक किती ते द्यायचं.

थंडीचं काय लिहायचं त्यावर रात्री सवडीने लिहितो.

---

कास पठारी

सातारकर हजर. पावसाळ्यात कासच्या जांभ्यावर जी उथळ डबकी साचतात त्यातलं पाणी मीही बघतो (हौस, दुसरं काय). मला पण चालणारा एक दिसला होता, पोटाखाली कुंचले होते. तो युप्लोटिसच ना? डबकं आटल्यावर तो जातो कुठं?

---

घाटावरची

@कास पठारी, कडेने पण कुंचल्यांच्या ओळी होत्या का? दोन्ही बाजूंना पुढून मागपर्यंत ओळ असेल तर तो बहुधा स्टायलोनिकिया. युप्लोटिसला अशी ओळ नसते, डाव्या कडेला एखाद-दुसरा असला तर असला. दुसरी खूण केंद्रकाची. स्टायलोनिकियात मोठं केंद्रक दोन तुकड्यांत, युप्लोटिसमध्ये एकच, लांब, इंग्रजी सी अक्षरासारखं वाकलेलं, कधी मराठी ३ सारखं. रंगवलंत तर लगेच कळेल.

डबकं आटलं की असले पुष्कळ सिलिएट (पक्ष्माभिकावाले एकपेशीय प्राणी) अंगाभोवती पुटी, म्हणजे कवच, करून मातीत पडून राहतात. पाऊस आला की परत कामाला.

---

कास पठारी

दोन तुकडे होते! फोटो काढून ठेवलाय. म्हणजे गेली दोन वर्षं मी चुकीच्या नावाने हाक मारत होतो. 😅

---

डार्करूम

पोरी, तुझ्या काळ्या स्लाइडवर बोलू का? मी प्राणिशास्त्रातला नाही. मिरजेत स्टुडिओ होता, कृष्णधवलच्या काळातला. तू डेव्हलपर म्हणालीस, त्यात काय घातलंयस?

---

घाटावरची

काका, हायड्रोक्विनोन आणि सोडियम सल्फाइट. नंतर पाणी, मग गोल्ड क्लोराइड, मग सोडियम थायोसल्फेट.

---

डार्करूम

हे तर आमचंच दुकान की! थायोसल्फेट म्हणजे हायपो. गोल्ड क्लोराइड म्हणजे गोल्ड टोनिंग, ठेवणीतल्या फोटोंना आम्ही करायचो. चांदी तीच, प्राणी वेगळा.

ऐक. सल्फाइट कधीचं आहे? उघड्या डब्यातलं हवेने सल्फेट होऊन बसतं, मग ते काही धरून ठेवत नाही. डेव्हलपर तपकिरी दिसायला लागला की फेकून द्यायचा, जीव अडकवायचा नाही. ताजा केलास तरी आधी पाणी घालून निम्मा-पाव कर. पातळ डेव्हलपर सावकाश चालतो, आणि सावकाश चालला की थांबवता येतो. आम्ही लाल दिव्यात प्रिंट बघत बसायचो, "आता पुरे" वाटायच्या जरा आधी उचलायचो, कारण उचलता-उचलता पण ती काळवंडते. तू सूक्ष्मदर्शकाखाली बघत कर.

काळ्या झालेल्यांपैकी एखादीवर अजून सोनं चढवलं नसेल तर फार्मर्स रिड्यूसर करून बघ. पोटॅशियम फेरिसायनाइड आणि हायपो, अगदी पातळ. जादा चांदी खातं. सोनं चढलेल्यावर त्याचं फारसं चालत नाही. एकाच स्लाइडवर कर, सगळ्या एकदम घालू नकोस. आणि हातमोजे.

---

हुपरीकर

काका, आमच्याकडे पण एका वेळी एकच पैंजण उजळायला घालतात, पहिल्यांदा करताना. 🙏

---

घाटावरची

डार्करूम काका, सल्फाइटचा डबा कुणी कधी उघडला ते कुणालाच आठवत नाही. उद्या नवा आणते.

पाठीच्या जाळीसाठी दुसरी पद्धत असते, ओलं सिल्व्हर नायट्रेट : पेशी जिलेटिनमध्ये बसवायच्या, थंडगार ठेवायच्या आणि उन्हात धरायच्या. शॅटन आणि ल्वॉफ यांनी १९३० साली दिलेली. पाठीवरच्या केसांच्या रांगांमध्ये रेषांची जाळी उमटते. दोन रांगांमध्ये चौकोनांची एक ओळ की दोन, दोन असतील तर सारख्या रुंदीच्या की एक अरुंद, यावरून जाती वेगळ्या करतात. सांगलीत ऊन फुकट आहे, पण एप्रिलमध्ये बर्फावर ठेवूनसुद्धा जिलेटिन वितळून पेशी काचेवरून वाहून गेल्या. तीनदा. आता हे डिसेंबरमध्ये.

@हळदभाव काका, तुमचं उत्तर. थंड पाण्यात काम करणारी प्रथिनं या प्राण्याकडे आहेत. स्निग्ध पदार्थ आणि पिष्ट फोडणाऱ्या त्याच्या विकरांवर (एन्झाइमवर) इटलीत कामेरिनो विद्यापीठात काम झालंय. गार पाण्यात कपडे धुणारी पावडर असल्याच विकरांवर चालते. पण खरं सांगू का, मी त्यासाठी मोजत नाहीये. कुठला प्राणी कुठला हे आधी ठरलं नाही, तर ते विकर कुणाचं हे सांगणार कसं?

---

हळदभाव

पटलं. आमच्यात पण राजापुरी हळद कुठली आणि सेलम कुठली हे आधी ठरतं, भाव मग.

---

अनुस्वार

मी फक्त वाचते, पण राहवलं नाही. उत्तर ध्रुवाकडे पण हे प्राणी आहेत का? मग ते वेगळे असणार ना, मध्ये एवढा गरम समुद्र आहे.

---

घाटावरची

@अनुस्वार, हा प्रश्न माझा आवडता. युप्लोटिस नोबिली दोन्हीकडे सापडतो. अंटार्क्टिकातले, आणि इकडे स्वालबार्ड आणि ग्रीनलँडमधले. स्वालबार्ड म्हणजे जिथं आपलं हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे तोच द्वीपसमूह. दिसायला इतके सारखे की नुसतं मोजून "हे एकच" असंच म्हणावं लागेल. पण युप्लोटिसमध्ये दिसण्यावर जाऊन चालत नाही. व्हॅनस, क्रॅसस आणि मिन्युटा या तीन जाती आकारावरून एकमेकींपासून वेगळ्या काढताना लोकांची डोकी दुखली आहेत.

मग त्यांनी सरळ लग्न लावून बघितलं. :) हे प्राणी पाण्यात प्रथिनांचे संकेत सोडतात, फेरोमोन. त्यावरून जोडीदार ओळखतात आणि दोघे चिकटून केंद्रकांची देवाणघेवाण करतात. दक्षिणेकडचा आणि उत्तरेकडचा एकत्र ठेवला तर जमलं! २०११ साली हे प्रसिद्ध झालं.

---

निवृत्त मास्तर

आता थंडीवर.

तू "शरीरात बदल" हा मथळा आधी लिहिलास आणि मग त्याखाली घालायला माल शोधतेयस. माल नसेल तर मथळा काढ. रचनेत काही दिसलं नाही हेही निरीक्षणच. ते लिहायला लाजू नये.

पण रचना मुकी असते असंही समजू नकोस. युप्लोटिस ऑक्टोकॅरिनॅटस नावाचा गोड्या पाण्यातला भाऊबंद आहे. त्याच्या पाण्यात लेम्बेडियन हा शिकारी सिलिएट सोडला की काही तासांत याच्या दोन्ही कडा पंखांसारख्या रुंद होतात, पाठीवर उंचवटा येतो, आणि शिकाऱ्याच्या तोंडात तो मावत नाही. कूलमान आणि हेकमान यांनी १९८५ साली हे दाखवलं. नुसत्या शिकाऱ्याच्या पाण्याचा वास पुरतो. म्हणजे शत्रू आला तर हा प्राणी अंगाचा आकार बदलतो, आणि कित्येक पिढ्यांची थंडी मात्र अंगावर दिसू देत नाही. का, ते बघ.

आपल्या पेशींतल्या सूक्ष्मनलिका घे, ट्युब्युलिन या प्रथिनाच्या बारीक नळ्या. बर्फाच्या तापमानाला त्या विरघळतात, तुकडे सुटे होतात. पक्ष्माभिकेचा सांगाडा तर सूक्ष्मनलिकांचाच. मग उणे दोनच्या जवळ तुझ्या फोकार्डीचे सिरी उभे कसे राहतात? त्याच्या ट्युब्युलिन प्रथिनात काही ठिकाणी अमिनो आम्लं बदललेली आहेत, त्यामुळे नलिका थंडीत टिकतात आणि जुळतातही. सिरसचा आकार तोच, संख्या ठरलेली, विटा वेगळ्या. बाहेरून घर सारखंच दिसणार.

आणि विटा थंडीसाठी भाजल्या की उन्हात निकामी. बहुतेक सजीवांत तापमान वाढलं की एचएसपी ७० नावाचं मदतनीस प्रथिन धावून येतं. फोकार्डीत त्याचं जनुक आहे, पण उष्णता वाढली तरी ते जागं होत नाही. शेकडो पिढ्या उकाडाच बघितला नाही. प्रयोगशाळेत त्याला ४ अंशांच्या आसपास ठेवतात, ड्युनालिएला नावाचं हिरवं शेवाळ खायला घालतात, आणि १० च्या वर तो फार टिकत नाही.

---

डार्करूम

मास्तर, म्हणजे त्याला आमच्याकडे आणला तर फ्रिजमध्येच ठेवायचा.

---

निवृत्त मास्तर

आणि बघायला काढला की सूक्ष्मदर्शकाचा दिवाच त्याचा घात करणार. काचेखाली थंड करायची सोय लागते. शिवाय बर्फासारख्या काचेवर सांगलीच्या हवेतलं बाष्प बसणार, दर मिनिटाला पुसा.

---

घाटावरची

सर, मथळा काढला. त्या जागी दोन स्तंभ केले, घाटवाला आणि फोकार्डी, फक्त रचना. ट्युब्युलिन वगैरे शेवटी वेगळ्या पानावर.

एक अपडेट : नवं सल्फाइट, डेव्हलपर पाव ताकदीचा. काकांनी सांगितलं तसं सूक्ष्मदर्शकाखाली बघत केलं आणि जरा आधी उचललं. उमटलं! केंद्रक स्पष्ट आहे, सी सारखं. एका पेशीत तर केंद्रकाच्या दोन्ही टोकांकडून मध्याकडे सरकणारे फिकट पट्टे पण दिसले. डीएनएच्या नकला होत असताना दिसतात ते. विभाजनाला निघालेली पेशी हाती लागली म्हणायची. फार्मर्स रिड्यूसरने दोन जुन्या स्लाइड वाचल्या, एक धुतली गेली.

---

डार्करूम

एक जायचीच. फोटो टाक ना.

---

घाटावरची

टाकते काका, मोबाइल आयपीसला धरून काढलाय, गोल येतोय.

सर, एक अडचण. २० पेशी मोजल्या. एकोणीसांत पोटावर ९ सिरी. एकीत १०. तीनदा मोजलं, बहिणीलाही मोजायला लावलं (तिने "झुरळाला दहा पाय" म्हणून सांगितलं). ती पेशी मोजणीतून काढू का? बाकी सगळं तक्त्यात नीट बसतंय.

---

निवृत्त मास्तर

काढायची नाही. आधी ती विभाजनाच्या मार्गावर आहे का बघ. त्या वेळी जुने सिरी विरत असतात आणि नवे उगवत असतात, मोजणी फसते. तोंडाखाली आत नव्या माळेचा कोंब दिसतोय का? तसं काही नसेल तर लिही : "९, क्वचित १०". आणि त्या स्लाइडवर हिऱ्याच्या पेन्सिलने खूण करून ठेव, कुणी बघायला मागितली तर दाखवता आली पाहिजे.

---

घाटावरची

कोंब नाही. "९, क्वचित १०" लिहिलं, खूणही केली.

बाटलीतलं पाणी संपत आलंय, काड कुजून काळं पडलंय आणि आईने शनिवारपर्यंतची मुदत दिली आहे. उद्या सकाळी परत घाटावर. @कास पठारी, पाऊस सुरू झाला की तुमच्या जांभ्यावरचं पाणी एका बाटलीत पाठवाल का? झाकण सैल ठेवा, आणि एसटीत उन्हाच्या बाजूला ठेवू नका.